ओपनफोमचा ‘०’ फोल्डर: टर्ब्युलन्स मॉडेलच्या सुरुवातीच्या अटींपुरते एक परीक्षण

ओपनफोम हे प्रवाहांचे संगणकीय विश्लेषण करणारे मुक्त सॉफ्टवेअर मी पुण्यातल्या एका लहान सल्लागार कंपनीत गेली नऊ वर्षे जवळजवळ रोज वापरत आलो आहे. त्याच्या वेगाबद्दल, सोल्व्हरांच्या, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रामांच्या, संख्येबद्दल आणि प्रवाहाची जागा लहान पेशींत विभागणारी जाळी बनवण्याच्या सोयींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे त्याच्या एकाच अंगाचे परीक्षण करायचे आहे, ते म्हणजे टर्ब्युलन्सच्या, म्हणजे प्रवाहातल्या भोवऱ्यांच्या खळबळीच्या, मॉडेलला सुरुवातीचे आकडे देण्याची त्याची पद्धत. नव्या माणसाचे पहिले महिने बहुधा याच ठिकाणी खर्ची पडतात आणि अनुभवी माणसाचे चुकलेले निकालही बऱ्याचदा येथूनच निघतात, म्हणून हे अंग निवडले.

ज्यांना हे सॉफ्टवेअर केवळ ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात १९८० च्या दशकाच्या अखेरीस हेन्री वेलर यांनी याची सुरुवात केली आणि डिसेंबर २००४ मध्ये ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. आज त्याच्या दोन मुख्य शाखा आहेत: एक ओपनफोम फाउंडेशनची, जिच्या आवृत्त्यांना साधे क्रमांक असतात, आणि दुसरी ओपनसीएफडीची, जिच्या आवृत्त्यांच्या नावात वर्ष आणि महिना असतो. या दोन शाखांत टर्ब्युलन्स मॉडेल निवडण्याच्या फाइलचे नावसुद्धा आता वेगळे आहे, त्यामुळे एका शाखेसाठी लिहिलेली केस, म्हणजे एका गणिताच्या फाइलींचा संच, दुसऱ्या शाखेत जशीच्या तशी चालेल असे धरून चालू नये. सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्याची किंमत मोजावी लागते ती शिकण्याच्या वेळात.

आता मूळ विषय. संक्षुब्ध, म्हणजे टर्ब्युलंट, प्रवाहातला प्रत्येक भोवरा मोजणे व्यवहारात अशक्य असल्यामुळे आपण सरासरी प्रवाह सोडवतो आणि भोवऱ्यांचा परिणाम दोन जादा राशींच्या साहाय्याने धरतो. पहिली राशी टर्ब्युलन्सची गतिज ऊर्जा, जिला सगळे नुसते ‘के’ म्हणतात, आणि दुसरी त्या ऊर्जेच्या ऱ्हासाचा दर सांगणारी ‘एप्सिलॉन’ किंवा ‘ओमेगा’. या दोहोंपासून भोवरा-श्यानता, म्हणजे भोवऱ्यांमुळे प्रवाहाला येणारा जादा चिकटपणा, निघते आणि ती प्रवाहाच्या समीकरणात जाते. मात्र या राशींची समीकरणे वाहून नेण्याची आहेत. दारातून काय आत येते आणि घड्याळ शून्यावर असताना आत काय होते, हे कोणीतरी सांगितल्याशिवाय ती सुटत नाहीत.

ओपनफोममध्ये हे सांगण्याची जागा म्हणजे ज्याचे नावच ‘०’ आहे असा एक फोल्डर. त्यात प्रत्येक राशीची एक साधी मजकुराची फाइल असते. फाइलच्या डोक्यावर त्या राशीची मिती सात आकड्यांच्या चौकटी कंसात लिहिलेली असते. त्याखाली आतल्या सगळ्या पेशींना देण्याची सुरुवातीची किंमत येते. आणि त्याखाली प्रत्येक सीमेची, म्हणजे प्रवेशाची, निर्गमाची आणि भिंतींची, अट येते. ही रचना मला मनापासून आवडते. मेनूंमागे काही दडलेले नाही. वर्षभराने केस उघडली तरी आपण काय धरले होते ते एका नजरेत वाचता येते, आणि सहकाऱ्याला फाइल पाठवली की त्यालाही तेच दिसते. मिती तपासली जात असल्यामुळे एप्सिलॉनच्या फाइलीत चुकून केची मिती राहिली तर सोल्व्हर तिथल्या तिथे थांबतो. मात्र पहारा येथे संपतो. मिती बरोबर आणि आकडा हजारपट चुकीचा असेल, तर ओपनफोम तो आकडा निमूटपणे स्वीकारते.

येथे एक भेद आधीच स्पष्ट केला पाहिजे, कारण नवखे लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजतात. स्थिर अवस्थेच्या गणितात आतल्या पेशींची सुरुवातीची किंमत ही उत्तराकडे जाण्याची वाट ठरवते, बहुतेक वेळा उत्तर नव्हे. गणिताच्या शेकडो फेऱ्यांनंतर तिचा मागमूस राहत नाही. प्रवेशावरची किंमत मात्र उत्तराचा भाग असते आणि शेवटपर्यंत टिकते. याला अपवाद आहेत: पंखाचा छेद स्टॉलच्या, म्हणजे प्रवाह पंखापासून सुटण्याच्या, जवळच्या कोनावर असेल, तर वेगळ्या सुरुवातीतून वेगळे उत्तर निघू शकते. आणि वाट फारच वाईट असेल, तर उत्तरापर्यंत पोहोचण्याआधीच गणित कोसळते. तरीही वेळेची वाटणी करायची तर बारा आणे विचार प्रवेशाच्या अटीवर आणि चार आणे आतल्या किमतीवर खर्च करावा. प्रत्यक्षात मी बहुतेकांना नेमके उलटे करताना पाहतो.

ओपनफोमसोबत शेकडो नमुना केसेस येतात, आणि बहुतेकांचा पहिला आकडा तेथूनच उचललेला असतो. त्यातली सर्वांत जास्त उघडली जाणारी केस म्हणजे ‘पिट्झडेली’, पिट्झ आणि डेली या संशोधकांच्या प्रयोगावर बेतलेली, प्रवाहाच्या दिशेने अचानक खाली उतरणाऱ्या पायरीची वाहिनी. तिच्या के फाइलीत ०.३७५ आणि एप्सिलॉन फाइलीत १४.८५५ असे आकडे आहेत. हे आकडे कुठून आले हे फाइलीत कुठेही लिहिलेले नाही, आणि माझी पहिली गंभीर तक्रार हीच आहे. पण बसून उलगडले तर ते अगदी स्वच्छ निघतात. प्रवेशाचा वेग सेकंदाला १० मीटर आहे. तीव्रता, म्हणजे वेगाच्या चढउतारीचे सरासरी वेगाशी प्रमाण, ५ टक्के धरली, तर वेगाची चढउतार ०.५ येते, तिच्या वर्गाची दीडपट म्हणजे ०.३७५. पायरीची उंची २५.४ मिलिमीटर, तिचा दहावा भाग २.५४ मिलिमीटर ही भोवऱ्यांची लांबी धरली आणि केचा दीड घात त्या लांबीने भागून ०.०९ च्या पाऊण घाताने, म्हणजे ०.१६४ ने, गुणला की १४.८५५ मिळतात. म्हणजे ज्याने ही केस लिहिली त्याने पुरता विचार केला होता. तो विचार मात्र दोन ओळींच्या टिपेत तेथेच ठेवला असता, तर जगभरच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी १४.८५५ हा आकडा मंत्रासारखा पुढे नेला नसता.

मीही तो तसाच नेला होता. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्यासाठी हवेच्या डक्टचे विश्लेषण करायचे होते. डक्टचा जलीय व्यास (गोल नळीशी तुल्य व्यास) ०.३ मीटर, हवेचा वेग सेकंदाला ८ मीटर, आणि प्रवेशापासून एक मीटरवर बाजूच्या शाखेतून गरम हवा मिसळत होती. तीव्रता मी नीट काढली. पूर्ण विकसित प्रवाहासाठी रेनॉल्ड्स संख्येच्या (वेग गुणिले लांबी भागिले श्यानता) उणे एक अष्टमांश घाताला ०.१६ ने गुणण्याचे जे रूढ सूत्र आहे, ते १ लाख ६० हजारांच्या रेनॉल्ड्स संख्येला ३.६ टक्के देते, आणि त्यावरून के सुमारे ०.१२३ येतो. एप्सिलॉन मात्र नमुना केसमधला तसाच राहू दिला. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली तफावत) सुरेख खाली गेले, आलेख देखणे आले आणि अहवाल गेला. पुढे जागेवर मोजलेले तापमान आले, तेव्हा प्रत्यक्षातली हवा माझ्या उत्तरापेक्षा कितीतरी चांगली मिसळलेली होती.

कारण शोधायला दोन दिवस लागले. ते समजले तेव्हापासून मी प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एकच भागाकार आधी करायला सांगतो: के भागिले एप्सिलॉन. त्यातून सेकंद मिळतात, आणि ते सेकंद म्हणजे टर्ब्युलन्सचे आयुष्य. माझ्या आकड्यांनी ते आयुष्य ०.००८३ सेकंद होते. तेवढ्या वेळात ८ मीटर वेगाची हवा जेमतेम साडेसहा सेंटिमीटर पुढे जाते. जलीय व्यासाच्या ७ टक्के, म्हणजे २१ मिलिमीटर, ही योग्य लांबी धरली असती, तर एप्सिलॉन ०.३३७ आला असता आणि आयुष्य ०.३६५ सेकंद, म्हणजे सुमारे २.९ मीटर प्रवासाचे. भिंतींजवळ नव्याने होणारी निर्मिती बाजूला ठेवली, तर शाखेपर्यंतच्या त्या एका मीटरात डक्टच्या मध्यभागातला के माझ्या गणितात मूळच्या ५ टक्क्यांवर आला होता. योग्य आकड्याने तो ७४ टक्के उरला असता. म्हणजे शाखेजवळ पोहोचणारी हवा मीच शांत करून ठेवली होती, मग ती मिसळणार कशी? चूक माझीच होती. एक आकडा ४४ पट असूनही सॉफ्टवेअरकडून अवाक्षर निघाले नाही, एवढीच नोंद परीक्षणासाठी करतो.

दुसरी गाजलेली नमुना केस मोटरसायकलची आहे, आणि बाह्य वायुगतिकीचे काम करणारे बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात करतात. तिच्यात वेग २०, के ०.२४ आणि ओमेगा १.७८ आहे. के वरून तीव्रता २ टक्के निघते, ती समजण्यासारखी आहे. पण केला ओमेगाने भागले की भोवरा-श्यानता ०.१३५ येते, आणि हवेच्या स्वतःच्या श्यानतेशी तिचे गुणोत्तर सुमारे ९,००० पडते. एक मीटर लांबीच्या वस्तूसाठी या श्यानतेवर रेनॉल्ड्स संख्या काढली तर ती दीडशेच्याही आत राहते, म्हणजे दूरचा प्रवाह हवेपेक्षा काकवीच्या जवळचा. मोटरसायकलसारख्या बोथट वस्तूमागे प्रवाह तुटतो आणि तेथला टर्ब्युलन्स वस्तू स्वतःच निर्माण करते, म्हणून तेथे हे बहुधा खपून जाते. विमानाच्या पंखाचा छेद मधे ठेवून हेच आकडे वापरले तर खपत नाही. प्रतिरोध बिघडतो, आणि वापरणारा दोष जाळीला देत बसतो.

मग गुणोत्तर १० केले की झाले, असे कोणी म्हणेल. मी तेही करून पाहिले आहे, आणि या विषयातली खरी अडचण तेथेच समोर येते. के ०.२४ ठेवून गुणोत्तर १० हवे असेल तर ओमेगा १,६०० द्यावा लागतो. एवढ्या मोठ्या ओमेगाने के झपाट्याने विरतो: प्रवेशापासून पाच मीटरवर, जेथे मोटरसायकल उभी आहे, २ टक्क्यांची तीव्रता ०.३ टक्क्यांपेक्षाही खाली येते. मूळच्या १.७८ ने त्याच अंतरात के फक्त ४ टक्के घटतो. म्हणजे दारावर तीव्रता लिहिली म्हणून ती वस्तूपर्यंत पोहोचतेच असे नाही. ती पोहोचते की नाही हे दुसरा आकडा ठरवतो. तीव्रतेबद्दल सगळे विचारतात. लांबीबद्दल, जिच्यावर हे सगळे अवलंबून आहे, क्वचितच कोणी विचारतो.

या कोंडीवर अभ्यासकांनी उत्तरे दिलेली आहेत आणि ती पाळण्यासारखी आहेत. फ्लोरियन मेंटर यांनी १९९४ मध्ये एसएसटी हे के आणि ओमेगा वापरणारे मॉडेल मांडताना मुक्त प्रवाहातला ओमेगा वेग भागिले क्षेत्राची लांबी याच्या एक ते दहा पट ठेवावा आणि भोवरा-श्यानता हवेच्या श्यानतेच्या शतांशाहूनही कमी असावी, असे सुचवले होते. पुढे २००७ मध्ये स्पॅलार्ट आणि रम्सी यांनी नेमका याच प्रश्नावर निबंध लिहिला. पंखाच्या कामासाठी त्यांनी के हा वेगाच्या वर्गाचा दहालाखावा भाग आणि ओमेगा वेग भागिले पंखाची रुंदी (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) याच्या पाचपट सुचवला. साठ लाख रेनॉल्ड्स संख्येला हे आकडे १.२ इतके श्यानता-गुणोत्तर देतात. तेथे उद्देश खऱ्या हवेतला टर्ब्युलन्स हुबेहूब उतरवण्याचा नाही. सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागालगतचा पातळ थर, पूर्ण संक्षुब्ध राहावा आणि बाहेरच्या आकड्याने उत्तर ढवळले जाऊ नये, एवढाच आहे. प्रवेशावरची तीव्रता वस्तूपर्यंत खरोखरच टिकवायची असेल, तर ओपनसीएफडीच्या शाखेतल्या एसएसटी मॉडेलमध्ये ऱ्हास रोखण्याचा एक पर्याय आहे. त्यात दूरचा के आणि ओमेगा दिला की मधल्या प्रवासातली घट भरून काढली जाते. हा पर्याय सुरुवातीला बंद असतो, आणि माहितीपुस्तिकेत तो शोधून काढावा लागतो. माझ्या मते त्याला नमुना केसमध्ये ठळक जागा मिळायला हवी होती.

प्रवेशासाठी तयार अटीही आहेत, आणि मी त्यांची शिफारस करतो. एका अटीत तीव्रता द्यायची, ती स्थानिक वेगावरून के काढते; दुसऱ्या दोन अटींत मिश्रण-लांबी (वर आलेली भोवऱ्यांची लांबी) द्यायची, त्या के वरून एप्सिलॉन किंवा ओमेगा काढतात. यांचा मोठा फायदा असा की वेग बदलला की आकडे आपोआप बदलतात आणि कालचा के आजच्या वेगाला चिकटून राहत नाही. प्रवाह उलटा फिरला तर त्या स्वतःच शून्य उताराच्या, म्हणजे आतलीच किंमत सीमेवर घेण्याच्या, अटीकडे वळतात, हेही उपयोगाचे. पण दोन ठिकाणी जपावे लागते. या अटींच्या खाली किंमत म्हणून एक ओळ लिहावीच लागते. ती केवळ जागा भरण्यासाठी असते आणि गणित सुरू झाले की बदलली जाते, तरी तोच आपला प्रवेशाचा आकडा आहे असे समजून तिच्यावर तासन्‌तास घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट लांबीच्या अर्थाची, आणि ती जास्त घातक आहे. ओपनफोम मागते ती मिश्रण-लांबी, आणि सूत्रात ०.०९ चा घात स्वतः घालते. काही पुस्तकांत आणि काही सॉफ्टवेअरांत टर्ब्युलन्सची लांबी अशी व्याख्यिलेली असते की तो घात त्या लांबीतच सामावलेला असतो. पाऊण घाताचा अंक ०.१६४ असल्याने या दोन अर्थांत सहापटीचा फरक पडतो. दुसऱ्याच्या अहवालातली लांबी जशीच्या तशी उचलली तर एप्सिलॉनही सहापट चुकतो, आणि तो चुकल्याचे कुठेही दिसत नाही. त्यामुळे अटीत मागितलेली लांबी कोणत्या सूत्रात जाते हे एकदा सोर्स कोड उघडून पाहून घ्यावे. सोर्स उघडा आहे, आणि ते सूत्र शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय कुठली?

भोवरा-श्यानतेच्या फाइलीवर नवे लोक उगाच कष्ट घेतात. प्रवेशावर ती ‘मोजलेली’ म्हणून सोडायची आणि आत शून्य लिहिले तरी चालते, कारण सोल्व्हर सुरू होताच मॉडेल ती के आणि ओमेगावरून पुन्हा काढते. भिंतींवर मात्र प्रत्येक राशीचे योग्य भिंत-फलन, म्हणजे भिंतीलगतच्या थराचे तयार सूत्र, लागते, आणि तेथे नमुना केसमधली अट तशीच उचलली तरी क्वचितच बिघडते. निर्गमावर नुसता शून्य उतार न ठेवता प्रवाह उलटा आल्यास आत घ्यायची किंमत देणारी अट ठेवावी. मागून शिरणाऱ्या एका भोवऱ्याने रात्रभराचे गणित मोडलेले मी पाहिले आहे.

आतल्या पेशींच्या सुरुवातीबद्दल आता थोडे. के आणि एप्सिलॉन या दोन्हींच्या आतल्या किमती शून्य कधीच लिहू नयेत, कारण भोवरा-श्यानता काढताना एप्सिलॉनने भागायचे असते आणि ओपनफोम अशा भागाकारावर ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ म्हणत सरळ बंद पडू शकते. प्रवेशाचीच किंमत सगळीकडे देणे ही साधी आणि बहुधा पुरेशी सुरुवात असते. भूमिती गुंतागुंतीची असेल तर ‘पोटेन्शियलफोम’ चालवून वेगाचे क्षेत्र आधी बसवून घ्यावे. सगळीकडे शून्य वेग आणि दारात अचानक वीस मीटर, असा धक्का मॉडेलला बसत नाही. मोटरसायकलच्या केसमध्ये हे केलेले आहे आणि ते अनुकरणीय आहे. ‘अप्लायबाउंडरीलेयर’ नावाची एक छोटी उपयुक्त आज्ञा भिंतीजवळ एक सप्तमांश घाताचा वेग बसवून देते, आणि जाड जाळीवरचे उत्तर बारीक जाळीवर उतरवण्यासाठी ‘मॅपफील्ड्स’ आहे. माझ्या अनुभवात या शेवटच्या उपायाइतका वेळ वाचवणारा दुसरा उपाय नाही. दोन लाख पेशींवर आधी चालवायचे, मग तेच क्षेत्र साठ लाखांवर उतरवायचे. बारीक जाळीला के आणि ओमेगा यांचा आराखडा तयार मिळतो आणि सुरुवातीची ओढाताण टळते.

ही ओढाताण ओपनफोम लॉगमध्ये प्रामाणिकपणे दाखवते, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. के किंवा एप्सिलॉन ऋण होऊ लागला की ‘बाउंडिंग’ अशी ओळ छापली जाते आणि तिच्यापुढे किमान, कमाल आणि सरासरी किंमत येते. पहिल्या वीस-तीस फेऱ्यांत ही ओळ दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. शेकडो फेऱ्यांनंतरही ती येतच राहिली आणि किमान किंमतीचे ऋण अंक वाढत गेले, तर सुरुवातीचे आकडे किंवा जाळी यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. शिथिलीकरणाचे, म्हणजे प्रत्येक फेरीत किती बदल स्वीकारायचा याचे, गुणांक कमी करून ती ओळ दाबून टाकण्याने रोग बरा होत नाही.

वाऱ्याच्या कामासाठी मात्र ओपनफोमची तयारी खरोखर वाखाणण्यासारखी आहे. इमारतीभोवतीच्या किंवा डोंगरावरच्या वाऱ्यासाठी वातावरणीय सीमास्तराच्या प्रवेश-अटींचा एक संचच दिलेला आहे. संदर्भ उंची, त्या उंचीवरचा वेग आणि जमिनीची खडबडीत लांबी दिली की वेग, के आणि एप्सिलॉन यांचे एकमेकांशी जुळणारे आलेख रिचर्ड्स आणि हॉक्सी यांच्या १९९३ च्या मांडणीप्रमाणे तयार होतात. तेथे तीव्रता किती आणि लांबी किती असा प्रश्नच उरत नाही, कारण दोन्ही जमिनीच्या खडबडीतपणातून निघतात. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पवनचक्क्यांच्या जागा तपासताना मी हा संच वापरला आहे आणि त्याने मला कधी निराश केले नाही.

व्यावसायिक सॉफ्टवेअरशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. अन्सिस फ्लुएंटमध्ये प्रवेशावर तीव्रता आणि श्यानता-गुणोत्तर, तीव्रता आणि लांबी, किंवा तीव्रता आणि जलीय व्यास अशा जोड्यांतून निवड करता येते, आणि काहीच निवडले नाही तर ५ टक्के आणि १० हे आकडे तयार असतात. नळ्या आणि डक्ट यांचे काम करणाऱ्याला जलीय व्यासाची जोडी फार सोयीची आहे, आणि ओपनफोममध्ये तिच्या तोडीची गोष्ट नाही, हे मी मान्य करतो. पण तयार आकड्याला एक मोहही असतो. माझ्या वरच्या डक्टला योग्य श्यानता-गुणोत्तर २७० च्या आसपास आहे, १० नव्हे. आणि मेनूत १० आधीच भरलेले दिसले की ते बदलायला हात उठत नाही. ओपनफोम रिकामा कागद पुढे करते. विचार करणाऱ्याला तो कागद बरा, घाईत असलेल्याला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग ओपनफोमनेच दिलेला आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. फाइलीतच ‘कॅल्क’ या निर्देशाने गणित लिहिता येते. म्हणून आमच्या कार्यालयात आता के किंवा ओमेगाचा आयता आकडा लिहायला बंदी आहे: वरच्या बाजूला वेग, तीव्रता, लांबी आणि श्यानता अशा चार ओळी, प्रत्येकीसमोर ती कुठून आली याची एक टीप, आणि त्याखाली सूत्र. पुढच्या माणसाला काही उलगडत बसावे लागत नाही. पिट्झडेलीच्या फाइलीत मला जे हवे होते ते आम्ही आमच्या फाइलींत ठेवतो.

शिकण्याच्या साधनांबद्दल थोडक्यात. अधिकृत माहितीपुस्तिका अटींची यादी नीट देते, पण कोणती अट केव्हा हे सांगत नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोमवर जी स्पोकन ट्युटोरियल्स केली आहेत, ती फोल्डरांची रचना आणि पहिल्या केसेस समजण्यासाठी उत्तम आहेत आणि महाविद्यालयातल्या मुलांना मी आधी तिकडेच पाठवतो. टर्ब्युलन्सचे आकडे कसे निवडावेत हे मात्र अजून मराठीत कोणी बैठक मारून समजावलेले माझ्या पाहण्यात नाही.

कोणी घ्यावे? ज्याला आपल्या प्रवाहाची लांबी-रुंदी माहीत आहे, दारात येणारी हवा कुठून आली आहे हे जो विचारतो आणि प्रत्येक आकड्याची जबाबदारी घ्यायला तयार आहे, त्याने बिनदिक्कत घ्यावे. त्याला इतके पारदर्शक साधन दुसरे मिळणार नाही. आठवड्यात एक अहवाल द्यायचा आहे आणि हाताशी जाणकार नाही, अशा कारखान्यातल्या अभियंत्याने पहिल्या प्रकल्पासाठी ते घेऊ नये. घेतलेच, तर केस सुरू केल्यावर पहिल्या दहा फेऱ्यांनी थांबावे, पॅराव्ह्यू या निकाल पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भोवरा-श्यानता भागिले श्यानता हे गुणोत्तर काढावे आणि प्रवेशापासून वस्तूपर्यंतच्या रेषेवर ते कसे बदलते ते पाहावे. त्यानंतर पाचशे फेऱ्यांनी तीच रेषा पुन्हा काढावी. प्रवेशाजवळच्या पहिल्या काही पेशींतच आलेख कोसळला असेल, तर पुढच्या फेऱ्या चालवण्याआधी ‘०’ फोल्डर पुन्हा उघडावा आणि लांबीची ओळ वाचावी.